रमला आहे

आमच्या गावाच्या नावातच मांजर आहे, त्यामुळे पाहुणे आले की एक विनोद ठरलेला. मांजरसुंब्यात मांजरं फार का हो, गुरुजी? आहेत ना. धुळे–सोलापूर महामार्ग आणि नगरकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता इथं एकमेकांना छेदतात. चौकात रात्रभर हॉटेलं चालू. हॉटेलं म्हटली की उष्टं आलं, उष्ट्यामागं उंदीर, आणि उंदरांमागं मांजरं. त्यातल्याच दोघींची ही गोष्ट. तिच्यात शहाणा मी नाही, हे आधीच कबूल करतो.

ठकी आमची जुनी. करड्या पट्ट्यांची भाटी, मी निवृत्त झालो त्याच वर्षी घरात आली. कोठीच्या खोलीत ज्वारी-सोयाबीनची पोती असतात, त्यांची राखण तिच्याकडं. आठ वर्षं या घरात दुसरं मांजर तिनं टिकू दिलं नव्हतं. मग एका थंडीत बायकोनं चौकातून एक पिल्लू आणलं. एका हॉटेलच्या तंदूरभट्टीशेजारी उबेला बसलं होतं, अंगभर राख. अडीच-तीन महिन्यांचं असेल.

मी म्हटलं, “दोघींना कोंड कोठीत. भांडतील, दमतील, एक होतील.” कोंडलं मीच. बाहेरून कडी लावली आणि ओट्यावर पेपर वाचत बसलो. आतून जे आवाज आले ते मांजराचे वाटत नव्हते. अर्ध्या तासानं दार उघडलं तेव्हा पिल्लू पोत्यामागं स्वतःच्याच मुतात बसून थरथरत होतं आणि ठकी शिडीवरून माळ्यावर गेली होती. कानातून रक्त येत होतं. मी हसलो. “झाली ओळख,” असंही म्हणालो. ते हसणं आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

पुढं घर शांत झालं. ठकी माळ्यावर, पिल्लू खाली. फिस्कारणं नाही, गुरगुरणं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, “बघ, गप्प झाली. रमेल आता.”

“गप्प झाली म्हणजे काय हो? काल सकाळपासनं ती काही खाईना गेलीय.”

मी बॅटरी घेऊन शिडी चढलो. माळ्याच्या पार टोकाला बायकोच्या जुन्या लुगड्यांचं एक गाठोडं आहे, त्यावर ठकी बसली होती. चारी पाय पोटाखाली घेतलेले, तोंड भिंतीकडं. उजेड पडला तरी तिनं मान वळवली नाही. मी हाक मारली. एक कान तेवढा मागं फिरला.

शिडीच्या वरच्या पायरीवर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. डोळ्यांपुढं ठकी नव्हतीच. एक पोरगा होता.

सांगतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं. आमच्या जिल्ह्याला ते समजावून सांगावं लागत नाही. कपिलधारच्या यात्रेच्या आगेमागे ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून जाणं चुकत नाही. लेकरं फडावर गेली तर शाळा बुडते, म्हणून त्यांना गावात ठेवायचं, जेवण-झोपण्याची सोय करायची. योजना चांगलीच होती, आजही मी तिच्या बाजूनं बोलेन. तिची देखरेख माझ्याकडं होती. गाडी सुटताना आया विचारायच्या, “गुरुजी, राहील का हो लेकरू?” माझं उत्तर ठरलेलं. “दोन दिवस रडंल, मग रमतंय.”

रडणं थांबलं की मी वहीत लिहायचो : रमला आहे.

चौथीतला तो पोरगा पहिल्या दिवसापासून रडलाच नाही. त्याच्याकडं कपड्यांची एक कापडी पिशवी होती, तोंड सुतळीनं बांधलेलं. ती उशाला घेऊन तो भिंतीकडं तोंड करून झोपायचा. त्रास नाही, तक्रार नाही. त्याच्या नावापुढं मी तिसऱ्याच दिवशी शेरा लिहिला. मार्च संपताना आईबाप परत आले, आईनं पिशवी सोडायला घेतली तर सुतळीची गाठ तिनंच मारलेली, जशीच्या तशी. घड्या मोडलेल्या नव्हत्या. पाच महिने तो अंगावरचा एक जोड आणि शाळेचा गणवेश यांवरच राहिला होता. “केवढं शहाणं लेकरू, कपडे जपून ठेवले,” असं मी त्या माउलीला म्हणालो. ती काही बोलली नाही.

मी पस्तीस वर्षं पोरांच्यात काढली आणि गप्प बसलेल्याला सुखी समजत आलो. कारण गप्प पोराचा मला त्रास नव्हता. एवढं साधं कारण होतं ते.

सकाळी ठकीला पोत्यात घालून, पोत्याला श्वासापुरतं तोंड ठेवून, बीडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी मला झापलं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी लिव्हरवर चढते आणि जिवावर बेततं, हे मला माहीत नव्हतं. पिल्लाला जंताचं औषध आणि रेबीजसकट लसी द्यायच्या, आणि तोवर तसंही वेगळंच ठेवायचं, हेही तिथंच कळलं. पुण्याहून लेकीनं फोनवर बाकीचं सांगितलं. “अण्णा, मांजराचं घर भिंतींचं नसतं, वासाचं असतं. तुम्ही तिच्या घरात परका वास कोंबला आणि वर कडी लावली.” मांजरांचे मूळ पूर्वज एकेकटी शिकार करणारी रानमांजरं, दुसरं मांजर म्हणजे वाटेकरी, ही समजूत रक्तातच असते, असंही ती म्हणाली.

मग नव्यानं सुरुवात केली. पिल्लू कोठीत, ठकी बाकीच्या घरात. वाळूची घमेली तीन, दोघींपेक्षा एक जास्त. जुन्या धोतराचे दोन तुकडे केले. एक पिल्लाच्या गालांवरून फिरवून ठकीच्या ताटलीजवळ ठेवायचा, दुसरा ठकीच्या गालांवरून फिरवून कोठीत. मांजर गाल घासतं तेव्हा आपला वास तिथं लावून ठेवतं, हे साठी उलटल्यावर शिकलो. ठकीनं पहिल्यांदा तो तुकडा हुंगला, तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर तशीच थांबली. आंबट काही चाखल्यासारखं तोंड. टाळूत वास ओळखणारी एक वेगळी जागा असते, तिथपर्यंत वास ओढून घेतात म्हणे. मग तिनं पंजानं तो तुकडा लांब ढकलला. चौथ्या दिवशी ढकलला नाही.

कोठीच्या चौकटीला कोंबड्यांची जाळी ठोकली आणि दाराच्या दोन्ही बाजूंना कलेजीच्या ताटल्या मांडू लागलो. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे, तेच माझं माप झालं. ठकीची ताटली जाळीपासून पाच फरश्या लांब. तिनं मान खाली घालून सगळं संपवलं, तर उद्या एक फरशी जवळ. मान वर करून बघत राहिली, तर तिथंच. एकदा मी घाई केली, दोन फरश्या एकदम सरकवल्या. ती फिस्कारली आणि मला पुन्हा पाचव्या फरशीवर जावं लागलं. बायको म्हणाली, “पोरांना एवढा वेळ दिला होता का कधी?” मी उत्तर दिलं नाही.

फिस्कारण्याचा मात्र मला आता राग येत नाही. फिस्कारणारं मांजर निदान सांगत असतं.

जाळी काढायला सात आठवडे लागले. काढली त्या दिवशी काहीच घडलं नाही. पिल्लू बाहेर आलं, ठकीनं बघितलं, डोळे अर्धे मिटले आणि उन्हात जाऊन बसली.

दोघी मैत्रिणी झाल्या असं नाही. पिल्लाचं नाव ‘पाहुणी’ पडलं, ते तसंच राहिलं. थंडीत दोघी एकाच गोधडीवर झोपतात, मध्ये वीतभर अंतर असतं. ताटल्या अजून दोन आहेत, तीन फरश्या सोडून.