कागदावरचं कारण

झाशीच्या रेल्वे कॉलनीत मालक आणि घरमालक एकच. नोकरी गेली की क्वार्टर सुटतं, आणि क्वार्टरमध्ये कोण येतं-जातं याची खबर साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. म्हणूनच सेवाविषयक खटले लढवणाऱ्या इथल्या मराठी वकिलाला निलंबनाचा कागद हातात आला की एक मराठी प्राध्यापक आठवतो.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात दोन दशकांहून अधिक काळ मराठी शिकवत होते. आधुनिक भारतीय भाषा विभागाचे ते प्रमुख. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री दोघे जण कॅमेरा घेऊन त्यांच्या विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये घुसले आणि एका रिक्षावाल्यासोबत असताना त्यांचं चित्रण केलं. लगोलग निलंबन झालं. ज्यांच्या घरात घुसखोरी झाली त्यांनाच घर खाली करायला सांगण्यात आलं! वय ६४, निवृत्ती अवघ्या काही महिन्यांवर.

कायदा तेव्हा त्यांच्या बाजूने होता. सज्ञान माणसांनी खासगीत, संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये दिला होता. फौजदारी दार बंद झालं, तर विद्यापीठाने खात्यांतर्गत दार उघडलं. त्यावरची पाटी : गैरवर्तन. सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिलला न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. नोकरीशी ठोस संबंध असल्याशिवाय खासगी वागणं गैरवर्तन ठरत नाही, मग तो माणूस शिक्षक का असेना, असं त्या आदेशाचं सार. ७ एप्रिलला सिरस अलीगढमधल्याच भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. मृत्यूचं गूढ पुरतं उकललं नाही. हंसल मेहतांच्या ‘अलीगढ’ चित्रपटात मनोज बाजपेयींनी त्यांची भूमिका केली. त्यामुळे हे नाव निदान पुसलं तरी गेलं नाही.

बुलंदशहरच्या एका होमगार्डचं नशीब बरं. जोडीदारासोबतचा त्याचा व्हिडिओ पसरला आणि जून २०१९ मध्ये जिल्हा कमांडंटनी त्याची नेमणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून संमतीचे संबंध वगळल्यानंतरची ही गोष्ट! फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि त्याला पुन्हा कामावर घ्यायला लावलं.

दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची. कारण कागदावर होतं. वरिष्ठांना आपण लिहितोय त्यात काही वावगं आहे असं वाटलंच नाही, म्हणून न्यायालयाला ते वाचता आलं.

नुसत्या संशयाचा कागद होत नाही. चालण्याची नक्कल होते, ‘चाळिशी आली, लग्न का नाही?’ असं चहाच्या टपरीवर विचारलं जातं, डब्याला कुणी सोबत बसत नाही. मग वार्षिक अहवालात शेरा येतो, बदली होते, आणि हुकमावर लिहिलेलं असतं ‘प्रशासकीय कारणास्तव’. तो माणूस खरोखर समलिंगी आहे की नाही, याने काहीच फरक पडत नाही. शिवाय खटला भरायचा तर संशय स्वतःच्या तोंडाने जाहीर करावा लागतो. किती जण करतील? रेल्वेच्या १९६६ च्या आचार नियमांतले ‘कर्मचाऱ्याला न शोभणारं वर्तन’ हे शब्दही असे सैल आहेत की त्यात काहीही बसवता येतं.

खासगी नोकरीत अवस्था याहून वाईट. तृतीयपंथी व्यक्तींना २०१९ च्या कायद्याने नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध संरक्षण दिलं; लैंगिक कलावरून होणाऱ्या भेदभावासाठी खासगी मालकाला बांधणारा तसा कायदा अजून नाही. संविधानाचं कलम १५ चं पहिलं उपकलम सरकारला रोखतं, शोरूमच्या शेठजीला नाही.

म्हणून झाशीतल्या, भुसावळातल्या रेल्वेवाल्यांना सांगणं एवढंच : तोंडी राजीनामा मागितला तर देऊ नका, हुकूम लेखी मागा, टोमण्यांची तारीखवार नोंद ठेवा. शिक्षेच्या हुकमावर खात्यात अपील करायला ४५ दिवस मिळतात. त्यानंतरचं दार केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचं. झाशीकरांसाठी ते प्रयागराजला, म्हणजे पूर्वीच्या अलाहाबादला आहे.