न मावळणारा दिवस : गुलमंडी ते लेस्टर

छत्रपती संभाजीनगरहून परदेशी निघालेल्या माणसाचा प्रवास चिकलठाण्याच्या विमानतळावर सुरू होतोच असे नाही. तेथील धावपट्टी मर्यादित लांबीची. त्यामुळे मुंबई-दिल्लीची लहान विमाने तेथे उतरतात, परंतु शेकडो उतारू आणि दहा तासांचे इंधन घेऊन लंडनकडे झेपावणारी रुंद विमाने मुंबईतूनच सुटतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि अनेक कुटुंबांनी मुंबई गाठण्यासाठी मोटारीची वाट धरली. गुलमंडीतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरासमोरही मे महिन्यातील एका पहाटे साडेतीन वाजता मोटार उभी होती.

शेठजींचे वय एकाहत्तर, बाईंचे सदुसष्ट. मुलगा आठ वर्षांपासून इंग्लंडमधील लेस्टर येथे स्थायिक झालेला. नात सात महिन्यांची झाली होती आणि आजी-आजोबांनी तिला अजून केवळ फोनच्या पडद्यावरच पाहिले होते. मुलाने बिझनेस क्लासची तिकिटे काढण्याचा आग्रह धरला होता. त्या वर्गाचे भाडे साध्या वर्गाच्या कितीतरी पट असते हे कळल्यावर शेठजींनी हिशेब एका वाक्यात मिटवला : "आसन कोणतेही घ्या, विमान एकाच वेळी पोहोचणार ना?"

बाईंची काळजी मात्र भाड्याची नव्हती. अडतीस वर्षांपासून त्यांचा चौविहाराचा नियम होता. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. लग्नसराई, आजारपण, दुकानातील दिवाळीची धावपळ, कशातही त्यात खंड पडला नव्हता. आता विमान दुपारी एक वाजता मुंबईहून सुटणार आणि पश्चिमेकडे, म्हणजे सूर्याच्या मागोमाग जाणार होते. लंडनला उतरताना तेथे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतील आणि घरी रात्रीचे अकरा. मे महिन्याच्या अखेरीस तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे संपूर्ण प्रवासात सूर्यास्त होणारच नव्हता. नियम कोणत्या सूर्याचा पाळायचा?

बाईंनी निघण्यापूर्वी स्थानकात जाऊन शंका विचारली होती. आपण ज्या गावी असू तेथील सूर्य पाहावा, असे उत्तर मिळाले. उत्तर समाधानकारक होते, तरी घरी परतताना बाई जावेला म्हणाल्या, "ते खरं, पण विमान कुठल्या गावी असतं?"

दुसरीकडे घरच्या डॉक्टरांनीही बजावले होते. पायांना सूज येण्याची प्रवृत्ती आहे, तेव्हा दर तासाला उठून चालायचे आणि पाणी पुरेसे प्यायचे. घरच्या घड्याळाप्रमाणे सायंकाळी सातला पाणी बंद केले, तर लेस्टरमध्ये दुसऱ्या दिवशीची नवकारशी येईपर्यंत सुमारे पंधरा तास कोरडे जाणार होते, आणि त्यातील चार तास विमानात. नियम आणि प्रकृती यांच्यातील हा पेच घेऊनच मोटार निघाली.

सिन्नरच्या पुढे उजाडले. इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा ओलांडल्यावर नवकारशीची वेळ झाली आणि बाईंनी डब्यातील खाकरा व उकळलेले पाणी घेतले. नातीसाठी केलेले पेढे देवघरासमोर ठेवूनच त्यांना निघावे लागले होते, कारण भारतातून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. मुंबई विमानतळावरील तपासणीत शंभर मिलिलिटरहून अधिक पाणीही आत नेता येत नाही. म्हणून बाईंची स्टीलची बाटली रिकामी होऊनच आत गेली.

विमान होते बोइंग ७७७. या जातीचे पहिले विमान १२ जून १९९४ रोजी उडाले आणि १९९५ पासून त्यातून प्रवासी वाहतूक सुरू झाली. हे विशिष्ट विमान पंचवीस वर्षांचे होते, परंतु आत शिरताच तसे वाटत नव्हते. निळी नवी कापडे, पातळ पाठीची आसने, प्रत्येकासमोर मोठा पडदा, फोन भरण्यासाठी खाच. जुन्याच्या खुणा शोधाव्या लागत होत्या. भिंतीच्या पत्र्याला किंचित पिवळसर झाक होती आणि दरवाजाची कड हातांच्या घर्षणाने गुळगुळीत झाली होती.

खिडकीपाशी अभियांत्रिकीच्या पुढील शिक्षणासाठी निघालेला एक तरुण होता, मध्ये शेठजी आणि मार्गिकेच्या कडेला बाई. उठणे-चालणे सोपे जावे म्हणून मुलाने त्यांच्यासाठी ते आसन निवडले होते. तरुणाकडून विमानाचे वय समजताच शेठजींच्या कपाळावर आठी पडली. पंचवीस वर्षांची मोटार घेऊन कोणी नाशिकला तरी जाईल का?

तरुणाने मग समजावून सांगितले. विमानाच्या सांगाड्याचे वय केवळ वर्षांत मोजत नाहीत. प्रत्येक उड्डाणात आत हवेचा दाब भरला जातो, उतरताना तो सोडला जातो, आणि फुगवलेल्या फुग्यासारखा ताण धातूवर येतो. म्हणून उड्डाणांच्या फेऱ्या मोजतात. मुंबई-दिल्ली करणारे लहान विमान दिवसात सहा-सहा वेळा उडते, तर लंडनला जाणारे मोठे विमान दिवसात एक-दोनदाच. त्यामुळे पंचवीस वर्षांच्या मोठ्या विमानाच्या फेऱ्या दहा वर्षांच्या लहान विमानाहून कमी असू शकतात. शिवाय ठरावीक वर्षांनी संपूर्ण विमान उघडून सांगाडा तपासतात आणि इंजिने तर स्वतंत्रपणे काढून दुरुस्त होत राहतात.

शेठजींना हे पटकन समजले. गुलमंडीतील त्यांच्या दुकानातील सागवानी कपाटे आजोबांच्या काळची होती. दर काही वर्षांनी पॉलिश होई, बिजागऱ्या बदलत, लाकूड तेच राही. नवे विमान मागवले तर हाती येण्यास वर्षे लागतात, म्हणून कंपन्या जुन्यांचे अंतरंग बदलतात. डिसेंबर २०२२ मध्ये एअर इंडियानेही २७ बोइंग ७८७-८ आणि १३ बोइंग ७७७ विमानांच्या अंतर्भागाच्या नूतनीकरणासाठी ४० कोटी डॉलरची योजना जाहीर केली होती. शेठजी म्हणाले, "म्हणजे दुकान तेच, फर्निचर नवं."

परंतु अर्ध्या तासात त्यांना या फर्निचरातील मेख सापडली. दोन्ही कोपर एकाच वेळी कोठे ठेवावेत हेच कळेना. ७७७ विमानाची आतील रुंदी ५.८६ मीटर. प्रारंभीच्या काळात बहुतेक कंपन्या तेवढ्यात एका रांगेत नऊ आसने बसवीत. पुढे दहा बसवण्याची रीत पडली, आणि आसनाची रुंदी साडेअठरा इंचांवरून सतरा इंचांच्या आसपास आली. नूतनीकरणात पडदा मोठा झाला, जागा मात्र आखडली. शेठजींनी एका दृष्टिक्षेपात रांगा मोजल्या, रांगेमागे एक जादा तिकीट हिशेबात धरले आणि गप्प झाले. त्याच रुंदीत एक काउंटर अधिक बसवणाऱ्याचे कौतुक करावे की त्या काउंटरमागे आपल्याला उभे केल्याचा राग धरावा, हे व्यापारी माणसाला ठरवता येईना.

जेवणाच्या वेळी बाईंना सुखद धक्का बसला. विशेष भोजनाच्या थाळ्या सर्वांच्या आधी येतात. तिकिटावर 'व्हीजेएमएल' अशी चार अक्षरे नोंदवलेली होती. शाकाहारी जैन भोजनासाठी विमानसेवांमध्ये वापरली जाणारी ही खूण आहे, आणि ती साधारणतः उड्डाणापूर्वी किमान चोवीस तास आधी द्यावी लागते. केवळ 'शाकाहारी' एवढेच सांगितले तर कांदा, लसूण, बटाटा येणारच. थाळीत वरण-भात, दुधीची भाजी, फळे होती. परिचारिकेने विनंतीवरून बाटलीत उकळते पाणी आणून दिले. बाईंनी ते निवू दिले आणि घोटघोट घेत राहिल्या.

पाण्याची गरज खरोखरच होती. ७७७ सारख्या धातूच्या विमानात आतला दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवला जातो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंच आहे. आसनावर बसलेला प्रत्येक उतारू दहा तास कळसूबाईच्याही वर बसलेला असतो. हवेतील ओलावा वाळवंटासारखा कमी असतो, कारण ओलाव्याने धातू गंजतो. ७८७ सारख्या नव्या विमानांचा सांगाडा बव्हंशी कार्बनच्या धाग्यांचा असल्याने तेथे दाब सहा हजार फुटांच्या आसपास ठेवता येतो आणि ओलावाही थोडा अधिक राखता येतो. आसनांचे कापड बदलले तरी हा फरक बदलत नाही.

बाई तासातासाला उठत, मागच्या स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत जाऊन येत, टाचा वर-खाली करीत. दरम्यान खिडक्यांची झाकणे खाली ओढण्याची सूचना झाली. बाहेर लख्ख ऊन असताना आत कृत्रिम रात्र झाली आणि लोक झोपी गेले. आता सूर्य कुठे आहे हे बाईंना कसे कळणार? तरुणाला कारण समजल्यावर तो हसला नाही. दर अर्ध्या तासाने तो झाकण दोन बोटे वर करी आणि हळूच सांगे, "आजी, अजून बराच वर आहे."

घरच्या घड्याळात सात वाजले, तेव्हा पडद्यावरील नकाशात विमान तुर्कस्तानच्या वर होते. गुलमंडीत त्या क्षणी दुकानाचे दिवे लागले असतील, जावेने स्वयंपाकघर आवरले असेल. खिडकीबाहेर मात्र तिसऱ्या प्रहराचे ऊन होते. बाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी शेठजींना सांगितले, "घरचा सूर्य मावळला. आता मी तिविहार घेते. खाणं बंद, पाणी चालू. आणि हा बाहेरचा मावळला की चौविहार."

शेठजींनी मान हलवली. तीन आहारांचा त्याग घराच्या सूर्याला साक्षी ठेवून आणि चौथ्याचा त्याग वाटेतल्या सूर्याला साक्षी ठेवून : नियमही राहिला आणि डॉक्टरांचा शब्दही. उतरण्यापूर्वी पुन्हा थाळी आली तेव्हा बाईंनी ती विनयाने परत केली. नियम शिथिल असलेल्या शेठजींनी मात्र खिडकीतील सूर्याचा हवाला देऊन आपली थाळी पूर्ण संपवली.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करीत लंडनला निघाले, तेव्हा हा प्रवास मोजक्या श्रीमंतांचा होता. त्याच वाटेवर आज कापड दुकानदाराचे कुटुंब सतरा इंचांच्या आसनावर बसून, स्वतःच्या भोजनाची खूण आधी कळवून, नियमांसह जाते. हीथ्रोच्या धावपट्टीवर चाके टेकली, तेव्हा तरुणाने झाकण पूर्ण वर केले. बाईंच्या मांडीवर ऊन पडले.

लेस्टरच्या वाटेवर, महामार्गाच्या कडेच्या हिरव्या शेतांमागे, रात्री नऊनंतर तो सूर्य अखेर मावळला. बाईंनी शेवटचा घोट घेतला आणि बाटलीचे झाकण लावले. मुलगा गाडी चालवताना सांगत होता, की लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या इमारतीचे रूपांतर करून उभारलेले देरासर आहे, १९८८ साली तेथे प्रतिष्ठा झाली, आणि रविवारी तेथे जाऊ. "जुन्या इमारतीत?" शेठजींनी विचारले. "जुन्या इमारतीत, बाबूजी. पण आत पाहाल तर संगमरवर." शेठजी बराच वेळ स्वतःशीच हसत राहिले.

घरी पोहोचले तेव्हा नात झोपली होती. बाईंनी तिला उठवू दिले नाही. केवळ तिच्या पावलांवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सूर्य पाचच्याही आधी उगवला. नवकारशीची वेळ होताच सुनेने उकळून निववलेले पाणी पुढे केले. नात उठून आजीच्या मांडीवर आली होती आणि तिच्या मनगटावरील घड्याळाशी खेळत होती. ते घड्याळ संपूर्ण प्रवासात गुलमंडीच्या वेळेवर चालत आले होते. बाईंनी पाणी पिऊन झाल्यावर ते काढले आणि काटे साडेचार तास मागे घेतले.