मांडवगड, महेश्वर आणि श्वासाचे यंत्र

प्रवासाला निघालेल्या कुटुंबाचे सामान पाहिले की त्या घराची अर्धी ओळख पटते. आमच्या वडिलांच्या काळी इंदूरहून ओंकारेश्वरास किंवा उज्जयिनीस निघालेल्या मराठी बिऱ्हाडासोबत वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा आणि कापडात गुंडाळलेली पूजेची सांबळी हटकून असे. पुढे वळकटी गेली, थर्मास आला. मग औषधांची पिशवी आली आणि ती वर्षावर्षाला फुगत गेली. गेल्या हिवाळ्यात आम्ही मांडवगड आणि महेश्वर अशी पाच दिवसांची सहल केली, तेव्हा या सामानात आणखी एक करड्या रंगाची पिशवी होती. तिच्यात आमच्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे दादांचे, श्वासाचे यंत्र होते. त्या यंत्राला वैद्यकीय भाषेत सीपॅप म्हणतात.

दादांचे घोरणे हा आमच्या कुटुंबात कित्येक वर्षे थट्टेचा विषय होता. पण घोरता घोरता त्यांचा श्वास मध्येच थांबे, काही क्षण खोलीत विलक्षण शांतता पसरे आणि मग एकदम गुदमरल्यासारखा हुंदका येई, हे वहिनींनी अनेक रात्री जागून पाहिले होते. दिवसा वर्तमानपत्र हातात असतानाच त्यांची मान कलंडे. एकदा चौकात सिग्नलपाशी स्कूटरवर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली, त्या दिवशी थट्टा संपली. तपासणीत निद्राश्वसनरोधाचे निदान झाले. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, दहा सेकंदांहून अधिक काळ श्वास अडतो, मेंदू दचकून जागा होतो आणि रात्रभर हेच चालू राहते. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. यंत्र करते ते इतकेच, की खोलीतलीच हवा ठराविक दाबाने नाकावाटे सोडून तो मिटणारा मार्ग उघडा ठेवते. अनेकांचा समज आहे तसा त्यात प्राणवायूचा साठा नसतो.

या उपायाचा उगम ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराचा. तेथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८१ साली पाच रुग्णांवरील अनुभव ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. आरंभीची यंत्रे बोजड आणि गोंगाट करणारी होती. आज तीच गोष्ट पोथीच्या पेटीएवढ्या डब्यात मावते आणि रात्री तिचा आवाज पंख्याहूनही कमी येतो.

यंत्राने दादांची झोप परत आणली; पण त्याचबरोबर त्यांचे पाय घरात बांधले. दरवर्षी मार्गशीर्षात नर्मदेचे दर्शन घ्यायचे, हा आमच्या आईने घालून दिलेला नेम दोन वर्षे मोडला. “हे लचांड घेऊन कुठे हिंडू? ते धुवायचे कुठे, वाळवायचे कुठे? वीज गेली तर? तुम्ही जाऊन या,” असे ते म्हणत. यंत्र घरी ठेवून चार रात्री काढाव्यात, ही त्यांची दुसरी सूचना वहिनींना मुळीच मान्य नव्हती, आणि डॉक्टरांनाही नव्हती. अखेर आम्हीच ठरविले की यंत्राची सारी उस्तवार प्रवासात कशी होते ते एकदा पाहावे. गावे जवळची निवडली. काही अडलेच तर तीन तासांत घर गाठता यावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी पिशवी भरली. यंत्र, सहा फुटी नळी, नाकावरचा मुखवटा, त्याचे पट्टे, बाष्पासाठीची पाण्याची टाकी, दोन नव्या गाळण्या, सौम्य साबण, मऊ सुती पंचा, ऊर्ध्वपातित पाण्याचा पाच लिटरांचा डबा आणि विजेच्या तारेचा लांब बोर्ड. लॉजच्या खोल्यांत विजेचे बटन पलंगापासून नेमके दूर असते, हा कोणाही प्रवाशाचा अनुभव आहे. टाकी मात्र रिकामी करून, पुसून, वेगळी ठेवली. टाकीत पाणी असताना यंत्र हलविले किंवा तिरके झाले, तर पाणी थेट मोटरीत शिरते.

इंदूरहून धारमार्गे मांडवगड सुमारे शंभर किलोमीटर. धार ही पवारांची राजधानी. मांडवगड त्यांच्याच संस्थानात मोडत असे, त्यामुळे आमच्या पिढीच्या तोंडी ‘मांडू’पेक्षा ‘मांडव’च अधिक. धार मागे पडल्यावर काळी जमीन उतरणीला लागते आणि मग दरी ओलांडून दरवाजामागून दरवाजे पार करीत रस्ता गडावर चढतो. वाटेत खोरासानी चिंचेची ती फुगीर बुंध्याची झाडे दिसू लागली की मांडव आले असे समजावे. मूळची आफ्रिकेची ही झाडे आता इथलीच होऊन गेली आहेत.

जहाजमहाल अनेकांनी पाहिला आहे. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामधली ती सुमारे एकशेवीस मीटर लांबीची वास्तू पावसाळ्यात खरोखरच नांगर टाकलेल्या जहाजासारखी दिसते. पण या खेपेस आमचे लक्ष गच्चीवरच्या एका लहानशा गोष्टीकडे गेले. पावसाचे पाणी हौदात नेणारी दगडी पन्हळ तेथे सरळ न जाता गोगलगायीच्या शिंपल्यासारखी वळत वळत जाते. पाण्याचा वेग मंदावावा, गाळ मागे राहावा आणि हौदात स्वच्छ पाणी उतरावे, यासाठी ही योजना असल्याचे वाटाडे सांगतात. दादा तिथे बराच वेळ वाकून पाहत राहिले. ज्या गडावर नदी नाही, तिथे पावसाचा थेंबन् थेंब साठवायचा आणि गाळून घ्यायचा, हे शास्त्र त्या लोकांनी चांगलेच जाणले होते.

गाळण्याचा विचार त्याच संध्याकाळी पुन्हा करावा लागला. माळव्यातील हिवाळी धूळ बारीक असते. खोली झाडण्यासाठी माणूस आला, तेव्हा बंद यंत्रावर वहिनींनी पंचा टाकला आणि झाडलोट संपल्यावरच तो काढला. यंत्राच्या मागच्या बाजूस जिथून हवा आत ओढली जाते तिथे पांढरी, पातळ गाळणी असते. ती धुवायची नसते. धुतली की तिचे तंतू विसकटतात आणि ती निकामी होते. ती करडी झाली की बदलायची; स्वच्छ गावात पाच-सहा महिने चालेल, धुळीच्या गावात महिन्या-दोन महिन्यांतच संपेल. काही यंत्रांना याशिवाय स्पंजासारखी जाड गाळणी असते. ती मात्र धुवून, पूर्ण वाळवून पुन्हा बसविता येते. आपल्या यंत्राला कोणती आहे, हे सोबतच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

मांडवची थंडी इंदूरपेक्षा बोचरी. पहिल्या रात्री तीनच्या सुमारास दादा उठून बसले. नळीत गुळगुळ आवाज होत होता आणि नाकावर पाण्याचे थेंब येत होते. यंत्र बिघडले, असे त्यांना वाटले. वास्तविक बिघाड काहीच नव्हता. टाकीतील उबदार दमट हवा थंड नळीतून जाताना तिचे दंव पडते, जसे पहाटे गवतावर पडते. आम्ही यंत्र उशीजवळच्या स्टुलावरून काढून पलंगाहून खाली ठेवले, म्हणजे थेंब परत टाकीकडे ओघळतील. बाष्पाची मात्रा एक घर कमी केली आणि नळी दुलईखालून घेतली. मग सकाळपर्यंत दादा शांत झोपले. वहिनी मात्र त्यानंतरही काही वेळ जाग्या होत्या. यंत्राची नव्हे, माणसाची चाहूल घेत.

दुसऱ्या दिवशी रूपमतीच्या महालावर गेलो. बाजबहादुर आणि रूपमती यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. १५६१ मध्ये अकबराच्या फौजेपुढे मांडव पडले आणि तिचा करुण शेवट झाला. हवा निर्मळ असेल तर त्या गच्चीवरून खाली निमाडात नर्मदेची रुपेरी रेघ दिसते. आम्हांलाही ती क्षणभर दिसली. दादांनी हात जोडले आणि म्हणाले, “आई इथवर तरी भेटली.”

तिसऱ्या सकाळी घाट उतरून महेश्वरास आलो. मांडवहून हे अंतर पंचेचाळीस किलोमीटरांच्या आतबाहेर. पण माळव्याचे पठार सोडून निमाडात उतरताना हवा एकदम बदलते. अंगावरची शाल गाडीतच राहते. अहिल्याबाईंनी आपला कारभार येथून चालविला आणि १७९५ मध्ये येथेच देह ठेवला. वाड्यातील त्यांची गादी, देवघर, लाकडी खांबांची ओसरी पाहताना मनात येते, की ज्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि देवळे बांधली, त्यांचे स्वतःचे घर किती साधे! मराठी माणूस घरापासून दूर येऊन एखाद्या नदीचा कसा होऊन जातो, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांला माहीत नाही.

महेश्वरच्या मुक्कामात पाण्याचा प्रश्न निघाला. डबा लवंडून आमचे ऊर्ध्वपातित पाणी बरेच सांडले होते. दादा सहज म्हणाले, “समोर साक्षात नर्मदामाई आहे आणि आपण बाजारात पाणी शोधतो आहोत. इंदुरात तरी आपण दुसरे काय पितो?” त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. येथून जवळच जलूद येथे उपसलेले नर्मदेचेच पाणी डोंगर चढून सत्तर किलोमीटरांवरच्या इंदूरला येते. पण पिण्याचे पाणी वेगळे आणि श्वासात जाणाऱ्या बाष्पाचे पाणी वेगळे. नदीच्या किंवा नळाच्या पाण्यात क्षार असतात. टाकीच्या तळाशी त्यांचा पांढरा थर बसतो, जसा अंघोळीच्या बंबात बसतो. शिवाय कोमट, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. उकळून गार केलेले पाणी अडचणीत एखाद्या रात्री चालते. त्याने जंतू मरतात, क्षार मात्र बहुतेक मागे राहतात. बाटलीतल्या ‘मिनरल’ पाण्यातही क्षार असतातच. बाजारात औषधाच्या दुकानी हवे ते पाणी मिळाले. नर्मदेचे पाणी आम्ही तांब्यात भरून घेतले ते देवघरासाठी.

त्या दिवशी रविवार, म्हणजे यंत्राच्या न्हाण्याचा वार. रोजचे काम थोडके आहे. सकाळी टाकीतले उरलेले पाणी फेकून ती उघडी वाळत ठेवायची आणि मुखवट्याची मऊ गादी कोमट साबणपाण्याने धुवायची, कारण चेहऱ्याचे तेल तिला चिकटले की ती सैल बसते आणि कडेने हवा निसटते. यासाठीच रात्री तोंड धुवून, मलम न लावता मुखवटा चढवावा. आठवड्याचे काम थोडे अधिक. नळी साबणपाण्यात बुडवून, दोन्ही टोके धरून पाणी आतून खेळवायचे, स्वच्छ पाण्याने विसळायची आणि दोन्ही टोके खाली लोंबतील अशी सावलीत टांगायची. उन्हात टाकली की प्लास्टिक कडक होते. पट्टे हाताने धुवायचे. टाकीत थर धरला असेल तर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी काही वेळ भरून ठेवायचे आणि मग खळखळून धुवायचे. यंत्राचा डबा मात्र प्लग काढून ओलसर फडक्याने पुसायचा, एवढेच. त्याला पाण्याखाली धरायचे नाही. घाटावर लुगडी वाळत होती आणि आमच्या ओसरीच्या दोरीवर माहेश्वरी साडीशेजारी ती नळी डोलत होती. शेजारच्या खोलीतल्या एका लहानग्याने ती हत्तीची सोंड आहे काय, असे विचारले. दादा मोठ्याने हसले. हे हसू आम्ही दोन वर्षांनी ऐकत होतो.

सफाईच्या उत्साहाचाही अतिरेक नको. डेटॉल, ब्लीच, स्पिरिट यांनी गादी चिरते आणि त्यांचा दर्प श्वासात जातो. सर्दी झाली म्हणून टाकीत नीलगिरीचे तेल किंवा कापूर टाकण्याचा सल्ला देणारे हितचिंतक आपल्याकडे पुष्कळ. त्यांचे आभार मानावेत, सल्ला घेऊ नये. ओझोन वायूने सफाई करणाऱ्या महागड्या पेट्यांच्याही नादी लागू नये. २०२१ च्या जून महिन्यात फिलिप्स कंपनीने आपली लक्षावधी यंत्रे परत मागविली. आवाज कमी करण्यासाठी आत बसविलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता आणि ओझोनने ही झीज वाढू शकते, असे तेव्हा सांगण्यात आले. साबण, पाणी आणि सावली यांहून अधिक काही लागत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे आम्ही सर्वजण घाटावर उतरलो. प्रवाहाच्या मध्यावर बाणेश्वराचे देऊळ धुक्यातून हळूहळू वर येत होते. दादांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून आईच्या नावाने अर्घ्य दिले. रात्रभर नीट झोपलेल्या माणसाचा तो चेहरा होता; डोळ्यांत तारवट नव्हता की पावलांत झोक नव्हता. वहिनी पायरीवर बसून होत्या. त्यांनी आम्हांला हळूच सांगितले, “काल रात्री मीसुद्धा झोपले.”

ज्या वाचकांच्या घरी आजोबा, काका किंवा यजमान अशा यंत्रामुळे उंबरठ्याआड बसले असतील, त्यांना आमचे एवढेच सांगणे. प्रथम जवळचे गाव निवडावे. डॉक्टरांना विचारून वीज गेल्यास काय करायचे ते ठरवावे. यंत्राला जुळणारी बॅटरी मिळते. आणि धुण्या-वाळविण्याचे काम एकट्या गृहिणीवर न टाकता वाटून घ्यावे. आमच्याकडे आता टाकी दादा स्वतः धुतात, नळी आम्ही पाहतो, गाळणीची तारीख नातू कालनिर्णयावर लिहितो. पुढल्या मार्गशीर्षाच्या पानावर त्याने आणखी एक शब्द लिहिला आहे, दादांच्या सांगण्यावरून: ओंकारेश्वर.