लाजेचं गाठोडं



मोठी दुःखं काळानं बोथट होतात, पण चारचौघांत झालेली एखादी फजिती तीस-चाळीस वर्षांनी आठवली तरी कान तापतात. तुमचंही असंच होतं ना? ज्यांच्यासमोर ती झाली ते केव्हाच विसरले. गाठोड्यात बांधून ठेवली ती आपणच.

माझ्या गाठोड्यात अशा दोन आहेत. सातवीत असताना पंधरा ऑगस्टला निबंधाच्या बक्षिसासाठी माझं नाव पुकारलं. उठले आणि स्लीपरचा पट्टा तुटला. एक पाय अनवाणी, दुसऱ्यात स्लीपर, अशी लंगडत पुढं गेले. टाळ्यांच्या जागी हशा पिकला. दुसरी गोष्ट पुण्यातल्या पहिल्या नोकरीतली. आमच्या नेसरी-गडहिंग्लज भागात बायकाही ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. आजी तशी बोलायची, आई तशी बोलायची. कचेरीत पहिल्याच दिवशी मी ‘जेवून येतो’ म्हटलं आणि सगळे खो खो हसले. त्यानंतर कित्येक महिने प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून मगच तोंड उघडायचे.

एवढ्याशा गोष्टी. पण लाजेचं बळ केवढं असतं, हे नेसरीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. १६७३ साली उमराणीजवळ कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला सरनोबत प्रतापराव गुजरांनी जीवदान दिलं. खान पुन्हा उलटला आणि महाराजांचा ठपका आला. तो शब्द प्रतापरावांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी आमच्या खिंडीजवळ ते अवघ्या सहा साथीदारांसह खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही वीर धारातीर्थी पडले. राज्याभिषेक तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांवर होता. त्यांच्या स्मारकापुढं माझी मान आजही लवते. लहानपणी तिथं फक्त शौर्य दिसायचं. आता मनात येतं, आदल्या रात्री त्यांच्याजवळ बसून ‘राव, काय सलतंय?’ असं विचारणारं कुणी असतं तर?

आता दुसरी कथा आठवा. संतमेळ्यात गोरोबाकाका थापटणं घेऊन प्रत्येकाचं डोकं ठोकून पाहू लागले. बाकीचे गप्प बसले, नामदेवराय मात्र रागावले. निवाडा झाला, हे मडकं कच्चं आहे. विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो त्या नामदेवांची भर सभेत अशी शोभा झाली! त्यांनी काय केलं? ते थेट पांडुरंगापाशी गेले आणि मनातलं सगळं त्याच्यापुढं ओतलं. देवानं त्यांना विसोबा खेचरांकडं धाडलं. तिथं त्यांना गुरू भेटला. डोक्यावरचा एक ठोका ज्यांना सोसला नव्हता, ते पुढं महाद्वाराची पायरी झाले. आज लाखो पाय त्या जागेशी येतात आणि आपण ती चुकवून, हात जोडून आत जातो.

माउली, मला या कथेत एक खूण दिसते. नामदेवांनी अपमान एकट्यानं वाहिला नाही, आपल्या माणसापुढं ठेवला. लाज मनात कोंडली की कुजते. सांगितली की हलकी होते.

हे मी वारीत अनुभवलं. दिवे घाटाच्या चढणीवर एका मावशींची चप्पल तुटली आणि त्या ओशाळल्या. मी त्यांना माझी स्लीपरची गोष्ट सांगितली. मग दिंडीतल्या एकेकीनं आपापली फजिती काढली. हसता हसता चढ कधी सरला कळलंच नाही. माझं ‘जेवून येतो’ ऐकून एक आजी म्हणाल्या, “अगं, ज्ञानोबारायांना आपण माउली म्हणतो. पुरुषाला आई म्हणताना आपली जीभ अडखळते का? मग तू कशाला लाजतेस?” लिहिताना मी ‘गेले’, ‘आले’ लिहिते, पण दिंडीत त्या दिवसापासून बिनधास्त ‘आलो’च म्हणते.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. वय, पद, पैसा कुणी विचारत नाही. मातीत कपाळ टेकवल्यावर लाजायला उरतंच काय? पण घरी परतल्यावरही हे जपायला हवं. गोरोबांचं थापटणं प्रत्येकाच्या हाती शोभत नाही. आपल्या लेकराची शाळेत फजिती झाली, नव्यानं कामाला लागलेल्या पोराला कुणी हसलं, तर ‘त्यात काय एवढं?’ म्हणून उडवून लावू नका. त्याच्याजवळ बसा. आधी तुमच्या गाठोड्यातली एक गोष्ट त्याला सांगा. मग त्याची ऐका.