आवाज आहे, ऐकू येत नाही

वरठीत राहणाऱ्या माणसाला कागदावरचे नाव आणि तोंडातले नाव यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे आमचे स्थानक वरठीत आहे, पण फलाटावरच्या पाटीवर 'भंडारा रोड' असे लिहिलेले असते. भंडारा शहर तिथून दहा-एक किलोमीटर दूर. नवा पाहुणा गाडीच्या खिडकीतून 'वरठी' शोधत बसतो आणि गाडी सुटते. पाटीवर विसंबू नये, उतरणाऱ्यांचे बोलणे ऐकावे, असे आम्ही पाहुण्यांना सांगत आलो आहोत. हाच सल्ला आपण स्वतः किती पाळला, हे मात्र यंदाच्या पावसाळ्यात एका मुक्या संगणकाने आम्हांला विचारले.

आम्ही दोघे नवरा-बायको महाविद्यालयात मराठी शिकवतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत काही विद्यार्थ्यांना घेऊन मोहाडी तालुक्यातल्या गावांत फिरलो होतो. धानाची रोवणी करून घरी परतलेल्या बायांची बोलणी साध्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केली होती. नऊ कॅसेटी झाल्या. त्यांतल्या एका आजीच्या बोलण्याचे दोन पानी लेखन 'झाडीबोलीचा नमुना' म्हणून आम्ही तेव्हापासून दरवर्षी वर्गात वाटत आलो. कॅसेटी कपाटात राहिल्या. वर्गात वाटला तो कागद.

यंदा एका विद्यार्थिनीने सहज विचारले, "मॅडम, हे ऐकायला मिळेल का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी केला नव्हता, आणि आम्हीही स्वतःला केला नव्हता. आमचा एक जुना विद्यार्थी संगणकदुरुस्तीचे काम करतो. त्याने कॅसेटी संगणकीय धारिकांत उतरवून दिल्या. आमच्या म्हाताऱ्या संगणकावर लिनक्स बसवून त्याला आणखी काही वर्षांचे आयुष्य देणाराही तोच. शनिवारी रात्री पेनड्राइव्ह लावला, आजीची धारिका उघडली. पडद्यावर सेकंद पुढे सरकू लागले, ध्वनीची रेघ वरखाली होऊ लागली. खोलीत मात्र शुकशुकाट. दूरवरून मालगाडीचा खडखडाट तेवढा आला.

पहिला संशय स्पीकरवर. ते भ्रमणध्वनीला जोडून पाहिले तर खणखणीत वाजले. दुसरा संशय तारेवर. मागच्या हिरव्या भोकाऐवजी गुलाबी, म्हणजे मायक्रोफोनच्या भोकात तर ती गेली नाही ना? नव्हती. तिसरा संशय धारिकेवर. ती भ्रमणध्वनीवर वाजवून पाहता आली असती, पण तेवढे सुचायलाही डोके शांत लागते. "तुम्ही उगाच सगळे उपटू नका हो, त्याला फोन करा," असे आमच्यातल्या शहाण्या अर्ध्याने सुचवले आणि फोन लावला.

"सर, आधी 'एप्ले' लिहा, मंग जागा सोडून आडवी रेघ आन् 'एल'," पलीकडून सूचना आली. ही आज्ञा संगणकाला दिसणारी ध्वनिपत्रे, म्हणजे साउंड कार्डे, मोजून दाखवते. आमच्या यंत्रात दोन निघाली. शून्य क्रमांकाचे पडद्याकडे जाणाऱ्या एचडीएमआय तारेचे, एक क्रमांकाचे मदरबोर्डवरचे, ज्याला आमचे स्पीकर जोडलेले होते. प्रणाली इमानेइतबारे पहिल्याच पत्राकडे आवाज पाठवत होती, आणि आमच्या पडद्याला स्पीकरच नव्हते. म्हणजे आजी बोलत होती, पण जिथे कान नाहीत अशा दाराशी. ध्वनीच्या मांडणीत जाऊन निर्गमाचे साधन बदलले. तरीही शांतता.

"आता 'अल्सामिक्सर' लिहा. एफ-सहा दाबून दुसरं कार्ड निवडा. खांब दिसते का, सर? कोनत्या खांबाखाली 'एम एम' लिहून हाय का?"

होते. मुख्य खांबाखाली शून्यासारखी दोन 'ओ' होती, म्हणजे तो मोकळा होता. त्याच्या शेजारच्या, स्पीकरकडे जाणाऱ्या खांबाखाली मात्र 'एम एम'.

"म्हंजे आवाज मेला नाही जी, दाबून ठेवला हाय. त्या खांबावर जाऊन 'एम' दाबा."

तो दाबून ठेवलेला का असावा, हे नंतर वाचून कळले. लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेला स्वतःचा इतिहास आहे. आरंभीच्या ओएसएस या व्यवस्थेत बहुधा एका वेळी एकाच आज्ञावलीला ध्वनिपत्राचा ताबा मिळे. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये 'अल्सा'चे काम सुरू केले आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या गाभ्यात ते स्थिरावले. त्यावर लेनार्ट पोटरिंग यांचा 'पल्सऑडिओ' चढला. फेडोराने तो २००७ मध्ये आणि उबुंटूने २००८ मध्ये स्वीकारला. पुढे विम टायमन्स यांचा 'पाइपवायर' आला, आणि २०२१ च्या फेडोरा ३४ पासून ती जागा त्याने घेतली. पण वरचे थर बदलले तरी तळाशी अल्सा राहिलाच. भाषेतही असेच असते, हे आम्ही वर्गात सांगतो. अल्साची एक जुनी रीत अशी, की नव्या पत्राचे खांब मुळात मुके ठेवायचे. एकाएकी कानठळ्या बसवणारा आवाज फुटू नये, ही त्यामागची सावधगिरी. बोलायचे असेल त्याने खांब स्वतः उघडावा. वरच्या थरातली सरकपट्टी शंभर टक्के दाखवत असली, तरी तळाचा एक खांब मिटलेला असू शकतो.

'एम' दाबला. बाणाने खांब वर नेला. आधी कॅसेटची खरखर आली, मग कुठेतरी बकरी ओरडली, आणि मग आजी बोलू लागली.

आम्ही ते दोन पानी लेखन हातात घेऊन बसलो होतो. पहिल्याच वाक्यात ती 'पानी' म्हणाली. कागदावर 'पाणी' होते. ती 'सेत' म्हणाली, कागदावर 'शेत'. ती 'डोरा' म्हणाली, कागदावर 'डोळा'. दोन पानांत अशा जागा मोजायला लागलो आणि तिसाच्या पुढे मोजणे सोडून दिले.

झाडीबोलीत ण, ळ, श या ध्वनींच्या जागी न, र, स येतात, हे साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. आम्हीही ते दरवर्षी शिकवतो आणि परीक्षेत विचारतो. मग त्याच तासाला 'ण', 'ळ' आणि 'श'ने भरलेला नमुना वाटतो! ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ चा. बोलींचे नमुने अधिकाऱ्यांकरवी लिहून मागवल्याने त्यांत लिहिणाऱ्याची भाषा कशी मिसळते, यावर आमचे एक व्याख्यानही ठरलेले आहे. त्या सर्वेक्षणाला पुढे ग्रामोफोनच्या तबकड्यांची जोड द्यावी लागली. आमच्याकडे तबकडीच्या जागी कॅसेट पहिल्या दिवसापासून होती. आम्ही फक्त ऐकले नव्हते.

मूळ वही शोधायला रात्रीचे बारा वाजले. कॅसेट ऐकून हे लेखन ज्या विद्यार्थ्याने केले होते, त्याचे अक्षर आम्ही ओळखले. त्याने 'पानी'च लिहिले होते. 'सेत' लिहिले होते, 'डोरा' लिहिले होते. प्रत्येक शब्दाभोवती लाल वर्तुळ होते आणि वर शुद्ध रूप. समासात शेरा होता, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' लाल अक्षर आम्हां दोघांचेही होते, एक पान एकाचे, दुसरे दुसऱ्याचे. त्यामुळे कुणी कुणाला बोल लावण्याची सोय उरली नाही.

तो विद्यार्थी म्हणजे रात्री फोनवर आम्हांला 'एम' दाबायला सांगणारा. एम.ए. झाल्यावर त्याने बोलीचा अभ्यास पुढे नेला नाही. का, हे आम्ही त्याला कधी विचारले नव्हते. सकाळी फोन करून सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी तवाच आयकून लिहिलं होतं जी. पन मले वाटलं, सरच बरोबर असतीन." त्यात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते.

आता वर्गात त्याच्या वहीची प्रत वाटतो, त्याच्या नावासह, लाल वर्तुळे न पुसता. आधी धारिका ऐकवतो, कागद नंतर. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणेही महाजालावर आहेत. तीही अशीच आधी ऐकायची, असे ठरवले आहे. पहिल्या तासाला मागच्या बाकावरची एक मुलगी आजीच्या बोलण्यावर खुदकन हसली, आणि आम्हांला न कळलेले दोन शब्द तिनेच सोडवून दिले.

एक सूचना त्याने शेवटी दिली होती. खांब उघडून भागत नाही, 'अल्साक्टल स्टोअर' ही आज्ञा देऊन ती स्थिती जतन करावी लागते, नाहीतर यंत्र पुन्हा सुरू केल्यावर जुनी सवय परत येऊ शकते. ती आज्ञा आम्ही दिली. संगणक तेव्हापासून बोलतो आहे. आमचे तसे नाही. परवा निबंधाच्या वह्या तपासताना 'पानी' दिसले आणि लाल पेन उचलले गेले. निबंधात ते सुधारावे लागतेच, परीक्षेला जाणाऱ्या मुलाला प्रमाण रूप माहीत हवे, यात आम्हांला शंका नाही. पण पेन टेकवण्याआधी, हे वाक्य लिहिणारा स्वतःचे लिहितो आहे की कुणाचे ऐकून, एवढे आता पाहतो. त्या दिवशी ते एका मुलाने निबंधात उतरवलेले त्याच्या आईचे बोलणे निघाले. पेनाला टोपण लावून वही पुढे सरकवली.