खरं सांग, काय लावलं होतंस?

ही गोष्ट २०१२ सालची. मी तेव्हा नववीत होतो. आमची आजी जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणायची. मामाने त्या रेकॉर्ड करून आमच्या बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर ठेवल्या होत्या. पुढे आजी गेली. वर्षश्राद्धाला त्या ओव्या सगळ्यांना ऐकवायच्या, असं आईने ठरवलं होतं.

आदल्या रविवारी मी गाणी ऐकायला डिस्क काढली. टेबलामागे दोन काळे अ‍ॅडॉप्टर पडले होते. एक डिस्कचा, एक लॅपटॉपचा. पिन बसली, म्हणजे हाच असणार! बटण दाबलं, बारीकसा 'टक' आवाज झाला आणि जळका वास आला. मग मी बरोबरचा अ‍ॅडॉप्टर लावून पाहिला. डिस्कला जोडला की त्याचा दिवाच विझायचा. काढला की पुन्हा लागायचा.

आईला म्हटलं, "आपोआपच बंद पडली गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "काय झालं होतं?" मी तेच उत्तर दिलं.

काकांनी डिस्क डबीतून बाहेर काढली. वरच्या झाकणाला मात्र हात लावला नाही. आत चकतीपासून वाचणारं डोकं केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतरावर तरंगत असतं. धुळीचा एक कण गेला तरी घात! त्यांनी खालचा हिरवा सर्किट बोर्ड तेवढा सोडवला, हुंगला आणि भिंगाखाली धरला. मोटर फिरवणाऱ्या मोठ्या चिपवर कुठे भोक किंवा डाग नव्हता.

मग त्यांनी मल्टिमीटर घेतला. वीज जिथून बोर्डात शिरते तिथे दोन छोटे काळे डायोड होते. एक ५ व्होल्टच्या वाटेवर, दुसरा १२ व्होल्टच्या. पहिल्याला टोकं लावली, मीटर गप्प. दुसऱ्याला लावली आणि मीटर 'पींऽऽ' करून ओरडला!

"हे राखणदार," काका म्हणाले. "एरवी गप्प बसतात. जास्त व्होल्टेज आलं की ते स्वतःतून वाहून नेतात आणि पुढच्या चिपा वाचवतात. फारच आलं, तर स्वतः जळून शॉर्ट होतात. म्हणून तुमच्या अ‍ॅडॉप्टरचा दिवा विझतो." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हा आपोआप जळत नाही. खरं सांग, काय लावलं होतंस?"

माझे कान तापले. आईकडे न बघता मी म्हणालो, "लॅपटॉपचा. १९ व्होल्टचा."

"किती वेळ?"

"लगेच काढला, काका."

"हे आधीच सांगायचं! तू म्हणतोस आपोआप, म्हणून मी मोटर किंवा डोकंच गेलं असेल असं धरून चाललो होतो. आजार कळायला आधी खरी हकीकत लागते, बाळा."

"दुसरा बोर्ड नाही का बसवता येणार?" आईने विचारलं.

"नुसता बसवून बहुधा चालत नाही, ताई. प्रत्येक डिस्कची मापं थोडी वेगळी असतात. ती कारखान्यातच तिच्या बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली असतात. ती चिपही हलवावी लागते."

त्यांनी सोल्डरिंग आयर्नने जळका डायोड काढला. आता मीटर गप्प राहिला. बोर्ड बसवून डिस्क जोडली. क्षणभर शांतता. मग घर्रर्र... डिस्क फिरू लागली!

"आता हिला राखणदार नाही," काकांनी बजावलं. "आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. मग मी नवा डायोड लावतो."

वर्षश्राद्धाला आजीचा आवाज घरभर घुमला. आई डोळे पुसत होती. रागावली होती ती डिस्क बिघडवल्याबद्दल नाही, 'आपोआप'बद्दल.

मित्रांनो, पिन बसते म्हणून अ‍ॅडॉप्टर लावू नका. त्यावर छापलेले व्होल्ट आधी वाचा. आमच्या घरी आता प्रत्येक अ‍ॅडॉप्टरवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे. आणि आजीच्या ओव्या तीन ठिकाणी आहेत.