नरतुरंगातला ठिपका

गेल्या मे महिन्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, भाचा मला रात्री सड्यावर घेऊन गेला. तो भौतिकशास्त्र शिकतो. मी कला शाखेचा पदवीधर, त्यात सरकारी कारकून. दुर्बीण माझ्या हाती देऊन त्याने दक्षिणेला बोट केलं. "मामा, तो तारा नव्हे."

दुर्बिणीतून पाहिलं तर पिंजलेल्या कापसाचा पुंजका!

नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी. टॉलेमीने तो तारा म्हणून नोंदवला, १६०३ साली बायरने त्याला तारा समजूनच ओमेगा हे अक्षर दिलं. पुढे चूक कळली, नाव तेच राहिलं. एकदा दप्तरी चढलेली नोंद हलत नाही, हे मला कोणी सांगायला नको.

तिथे सुमारे एक कोटी तारे आहेत. प्रकाशाला तिथून इथे यायला सतरा हजारांवर वर्षं लागतात. त्याला तारकागुच्छ म्हणतात खरे, पण गुच्छातले तारे साधारण एकाच वेळी, एकाच वायूतून जन्मलेले असतात. इथे तसं नाही. लोहासारख्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण निरनिराळं, ताऱ्यांच्या पिढ्याही अनेक. म्हणून बऱ्याच शास्त्रज्ञांच्या मते हा एका बटू दीर्घिकेचा उरलेला गाभा आहे. बाकी सगळी आपल्या आकाशगंगेने अब्जावधी वर्षांपूर्वी गिळली. त्यातून सुटलेल्या ताऱ्यांचा एक प्रवाह २०१९ साली गाया यानाच्या नोंदींतून सापडला. धनू राशीच्या दिशेला १९९४ साली सापडलेली बटू दीर्घिका तर अजून गिळली जात आहे. मोठ्या दीर्घिका अशाच, लहानांना पोटात घेत वाढल्या.

"म्हणजे विलीनीकरण," भाचा म्हणाला.

"हळू बोल. १९६७ चा जनमत कौल आठवणारी माणसं आहेत अजून गावात."

तो हसला. पण गिळलेले तारे ओळखतात कसे, हे मी त्याला दोनदा विचारलं. वेगावरून आणि घडणीवरून, तो म्हणाला. ते आपली जुनी चाल सहजी सोडत नाहीत.

आमचं छोटं खातं काही वर्षांपूर्वी मोठ्या खात्यात गेलं. आम्ही अकराजण अकरा टेबलांवर पांगलो. जुन्या फायलींवरचे क्रमांक खोडून नवे घालायचं काम माझ्याकडे आलं. मी नवे क्रमांक बाजूला लिहिले. जुने खोडले नाहीत. अजून कोणी विचारलेलं नाही.